अळणी नवस

येवला,
८ जुलै १९८१

ती. वन्सं यांस मालनचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. नववा लागलाय, त्यामुळे आई मला तांब्यासुद्धा उचलू देत नाही. माझं बाळंतपण होईपर्यंत तुम्ही पिंपळगाव सोडून ओझरच्या क्वार्टरला ह्यांच्याजवळ राहिलात, माझी निम्मी काळजी मिटली.

उरलेली निम्मी गोळ्यांची. लिथियमच्या गोळ्या सकाळी एक, रात्री दोन. माणूस बरा दिसतोय म्हणून चुकवायच्या नाहीत. तुम्हाला आठवत असेल, हे भिंतीकडे तोंड करून पडले होते तेव्हा आधी नुसती उदासीची गोळी दिली, तर महिन्याभरात असे उसळले की कारखान्याच्या साहेबाला विमान उलटं उडवायची युक्ती सांगायला गेले. ही गोळी लागू पडल्यापासून अकरा महिने ड्युटी चुकली नाही. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, ही गोळी म्हणजे एका जातीचं मीठच आहे. कमी पडलं तर काम करत नाही, जास्त झालं तर बाधतं.

तुमची माया आहे तशीच राहो.
आपली,
मालन

ओझर,
१५ जुलै १९८१

चि. सौ. मालनला लंकाबाईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं, तो दोष तुझ्याकडं लावलाय. खंडू झकास हाय. रोज माझ्या म्होरं गोळी गिळतो, मग मी जीभ बाहेर काढायला लावते. लहानपणी गूळ चोरून गालात दाबून ठेवायचा, म्हणून माझा भरोसा नाय. तुझा नवरा असंल, पण पाळण्यात हलवलाय मी.

एक सांगायचं राहिलं. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता, तवा मी खंडोबाला बोलले होते, माझा भाऊ कामाला लागू दे, एक चातुर्मास आम्ही दोघं भावंडं अळणी खाऊ. एकादशीपास्नं धरलंय. डब्याची भाजीभाकर पण अळणी. खंडू कुरकुरला नाय. म्हणला, अक्का, तू बोललीस म्हंजे मी बोललो. तू आठ्या पाडू नको. गोळीतनं त्याला मीठ मिळतंयच की, भाजीत आणि वेगळं कशाला?

शेजारची सुलाबाई रोज विचारती, मालनला मुलगा का मुलगी. मी म्हणलं, दोन्हीपैकी एक नक्की.

आठवण काढ, उचकी लागंपर्यंत.
तुझी,
लंकाबाई

येवला,
२३ जुलै १९८१

ती. वन्सं यांस सा. न. वि. वि.

नवसाचं वाचलं. देवाला बोललात ते फेडायलाच हवं, त्याला माझी ना नाही.

पण काल ह्यांचं पत्र आलं. अक्षर बघून मी खालची सही पुन्हा वाचली. ओळी सगळ्या थरथरल्यात, बैलगाडीत बसून लिहिल्यासारख्या. लिहितात, पोट बिघडलंय, तहान लागते, पेला धरवत नाही. वन्सं, गोळ्या चुकल्यात का? की जास्त घेतल्यात? भिंतीकडे तोंड करून पडले होते तेव्हा एकदा मला म्हणाले होते, मालन, मी नसलेलंच बरं. ते माझ्या कानातून जात नाही. मला लपवू नका, खरं काय ते लगेच कळवा.

तुमच्या मायेवरच बसले आहे.
आपली,
मालन

ओझर,
२ ऑगस्ट १९८१

चि. सौ. मालनला आशीर्वाद. वि. वि.

आधी शेवट सांगते, म्हंजे तुझा जीव खाली पडंल. खंडू बरा हाय. आत्ता दारात खुर्ची टाकून मेथी निवडतोय, आणि काड्यासकट निवडतोय.

आता मधलं ऐक. सोमवारी तुझं पत्र आलं, त्याच सकाळी त्याला दोनदा उलटी झाली. जुलाब आदल्या दिवसापास्नं होते. उठला तर प्यायल्यावानी तोल जाया लागला, जीभ जड झाली. शेजारच्या धोंडीरामनं जीप आणली अन् नाशकाला नेलं.

डागदरनं पहिलं हेच विचारलं, गोळ्या किती घेतल्या. मी म्हणलं तीन. त्यांनी बाटली मोजली, बरोबर भरल्या. तरी मला बाजूला नेऊन विचारलं, घरी जिवाचं काही बोलत होता का. धोंडीराम आपला म्हणत होता, असली औषधं बंदच करून टाका. खंडू खाटेवर पडून सगळं ऐकत होता. बोलता येत नव्हतं त्याला. नुसता माझ्याकडं बघायचा.

मग डागदरनं विचारलं, खाण्यात काही बदल? मी नाय म्हणलं. देवाचं बोलणं डागदरला कशाला सांगू? पण खंडूच्या डोळ्यातनं पाणी आलं. मालन, मला कळलं त्याला कशाचं रडू येतंय. सगळे म्हणणार, यानं मुद्दाम जास्त खाल्ल्या. गोळ्या बंद होणार, परत ती भिंत. तवा मी म्हणलं, "डागदरसाहेब, माझ्या भावाला मी पंधरा दिवस मिठाचा कण दिला नाय."

डागदर खालीच बसले. मग मला समजंल असं सांगितलं. जेवणातलं मीठ तुटलं की अंग घाबरतं, आणि किडनी ह्या गोळीचंच मीठ धरून ठेवती, लघवीवाटे जाऊ देत नाय. रोज तीन गोळ्या आत, बाहेर थोडंच. साठत साठत इख झालं. त्यात जुलाबानं अंगातलं पाणी गेलं. गोळ्या थांबवून चार दिवस सलाईन लावली. ती बाटली मीठपाण्याचीच की गं! रक्त मुंबईला धाडलं होतं, त्यात गोळीचा आकडा हवा त्याच्या दुपटीच्या वर आला.

मग डागदर मला विचारतात, तुम्ही पण पंधरा दिवस अळणीच? खंडूदेखत खोटं बोलवंना. म्हणलं, साहेब, मी रोज लोणच्याची फोड चाटत होते. नर्स तोंडाला पदर लावून हसली. खंडू पण हसला, वाकडं का होईना.

बोलता यायला लागल्यावर त्यानं पहिलं काय विचारलं ठाव हाय? गोळ्या परत कधी चालू करणार. डागदर म्हणले, रक्तातला आकडा उतरला की.

तुला आधी कळवलं नाय, तुझे दिवस भरलेत म्हणून. शिव्या दे, पण सावकाश दे.
तुझी गुन्हेगार,
लंकाबाई

येवला,
१२ ऑगस्ट १९८१

ती. वन्सं यांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र हातात पडलं आणि तिसऱ्या दिवशी मुलगी झाली. आई म्हणते, रडून हसून मी तिला हलवली. नाक ह्यांचं आहे, आवाज तुमचा.

शिव्या कशा देऊ? डॉक्टरांनी मला बजावलं होतं, जेवणातलं मीठ आणि पाणी नेहमीसारखं ठेवा, एकदम कमी करू नका. तुम्हाला लिहिताना तेवढंच राहिलं. भाजीत मीठ घाला, असं कुणाला पत्रात लिहावं लागेल हे मला सुचलंच नाही, आणि तुमचं अळणीचं वाचलं तेव्हाही ते आठवलं नाही. तेव्हा निम्मा गुन्हा माझा.

नवस मात्र तुम्ही एकट्यानं फेडा. लोणच्याची बरणी सुलाबाईंकडे ठेवा. मी त्यांना कार्ड टाकलंय.

भाचीवर आणि माझ्यावर लोभ ठेवा.
आपली,
मालन

ओझर,
२३ ऑगस्ट १९८१

चि. सौ. मालन आणि नव्या पाहुणीला आशीर्वाद. वि. वि.

सुलाबाईनं तुझं कार्ड सगळ्या क्वार्टरांत वाचून दाखवलं आणि बरणी नेली. देव तुझं भलं करो.

रक्तातला आकडा खाली आला. गोळ्या कमी करून परत चालू झाल्या. सोमवारपास्नं खंडू ड्युटीवर. आता मला चाखता येत नाय, म्हणून डब्यात मीठ हाय का बघायला मी रोज भाजी आधी कुत्र्याला घालते. कुत्रं लय माजलंय.

मी नवस पाळतेय, खराखुरा. बिनमिठाची भेंडी कधी खाल्लीस का? खाऊ नको.

काल दोघं जेवाया बसलो. खंडूनं ताटात मीठ वाढून घेतलं. हात आता जरा पण थरथरत नाय. मग चिमूटभर उचललं आणि माझ्या भाजीवर टाकलं. मी हात आडवा घातला. म्हणला, "अक्का, खा. तू माझ्यासाठी बोललीस, मी तुझ्यासाठी बोलतो. खंडोबाला सांगतो मी."

मी खाल्लं. भाजी खारट लागली, पण ती मिठानं नाय.

लवकर ये. आणि लोभ असू दे, चवीपुरता तरी.
तुझी,
लंकाबाई