गॅरेजमधली अभ्यासिका

१४ जून
हर्षदाने जेवताना जाहीर केलं की राज्यसेवेच्या अभ्यासासाठी तिला नाशिकला जायचंय. मैत्रीण कविता तिथे आहेच, खोलीत जागा आहे. प्रतिभा 'बरं' म्हणाली. इतकी मोठी गोष्ट आणि आई म्हणते 'बरं'!
मी शांतपणे सांगितलं की नाशिकला अभ्यासिका असते, तर जव्हारलाही असू शकते. आपलं गॅरेज रिकामंच आहे. गाडी विकल्यापासून तिथे फक्त माझी स्कूटर आणि गोण्या. हर्षदा म्हणाली, "बाबा, तिथे पावसाळ्यात भिंती गळतात." मी म्हणालो, भिंती गळत नाहीत, त्यांना ओल येते. ओलीचा बंदोबस्त होतो. मनावर घेतलं पाहिजे.
मी मनावर घेतलंय. ती राखीपर्यंत बघते म्हणाली.

१९ जून
शेजारचा नितीन पत्र्याचं फॅब्रिकेशन करतो. त्याला विचारलं, आतून थर्माकोल लावला तर? म्हणाला, "एक नंबर!" नितीनचं हेच आवडतं. घरात कोणी असं बोलत नाही.
छताला, भिंतींना, सगळीकडे थर्माकोल चिकटवला. आत गेलं की बर्फाच्या कारखान्यात आल्यासारखं वाटतं. वरचे दोन्ही झरोके फोम आणि सिलिकॉनने बंद केले. प्रतिभा म्हणाली, हवा कुठून येणार? मी म्हणालो, हवेतूनच तर ओलावा येतो. ती शाळेत विज्ञान शिकवते. पुस्तकातलं आणि प्रत्यक्षातलं यात फरक असतो.

२७ जून
पाऊस सुरू झाला तो थांबेना. धुकं अंगणात. हर्षदा पहिल्यांदा अभ्यासिकेत बसली. कुबट वास येतो म्हणाली. नव्या वस्तूला वास असतोच. उदबत्ती लावून दिली. धूर जायला जागा नाही, त्यामुळे एकच उदबत्ती पुष्कळ वेळ पुरली.

४ जुलै
फरशीला घाम येतोय. खालून. ताडपत्री पसरली, तिच्यावर सतरंजी. आता फरशी दिसतच नाही. प्रश्न मिटला.

५ जुलै
सतरंजी पिळून वाळत घातली. वाळेल कुठे, हा वेगळा प्रश्न.

१० जुलै
ऑनलाइन आर्द्रतेचं मीटर मागवलं. ९४ दाखवतं. ते कोरड्या प्रदेशासाठी बनवलेलं असावं. उपाय सोपा आहे: उष्णता. दुपारी ऑफिसातही हाच विचार चालू होता. टपाल नोंदवायचं राहिलं.
ठरलं. हर्षदा बसायच्या आधी तासभर गॅसची शेगडी पेटवायची. दिवसभर गरज नाही, नुसतं अधूनमधून. थंडीत माणूस जसा चहा घेतो तसं.

११ जुलै
विजय! आत मस्त ऊब. हर्षदाने स्वेटर काढला. मी बाहेर उभं राहून पावसाकडे बघून हसलो.

१३ जुलै
शेगडी पेटवली की थर्माकोलच्या फटींतून थेंब पडतात. तिच्या इतिहासाच्या नोट्सवर पडले. अठराशे सत्तावन्न निळं झालं. मी तिला समजावलं, हा खोलीतला साठलेला ओलावा आहे, तो बाहेर निघतोय. चांगलं लक्षण आहे. ताप उतरताना घाम येतो तसं.
प्रतिभा म्हणाली, "अहो, गॅस जळतो तेव्हा वाफच होते. भात न शिजवता नुसती शेगडी लावली तरी स्वयंपाकघराची काच ओली होते, बघा एकदा." बघितली नाही. काच बघत बसायला वेळ नाही.

२० जुलै
टेबल फुगलंय, ड्रॉवर उघडत नाही. राज्यघटनेच्या पुस्तकावर हिरवी बुरशी. हर्षदाला खोकला. डॉक्टर म्हणाले, ओलीत बसू नको. बाहेरून बदलून आलेले आहेत ते. इथल्या हवेची सवय नाही त्यांना.
हर्षदा आज स्वयंपाकघरात ओट्याजवळ बसून वाचत होती. मी आलो तशी पुस्तकं घेऊन उठली आणि गॅरेजमध्ये गेली. मी काही म्हणालो नव्हतो.

२३ जुलै
छताकडचा थर्माकोलचा एक मोठा तुकडा निखळला. मागे पत्र्यावर पाण्याचं तळं. मी पुन्हा चिकटवला, दुप्पट गोंद लावून. शटर जरा जड चालतंय. गंज. तेल घालायचं आहे.

२५ जुलै
संध्याकाळी हर्षदा आत होती. पावसामुळे शटर खाली ओढलेलं, शेगडी चालूच ठेवलेली. मी बाहेरच्या ओट्यावर चहा घेत होतो. आतून शटर वाजलं. मला वाटलं, वारा. पुन्हा वाजलं. मग तिचा आवाज, "बाबा, वर जात नाही."
मी खालून ओढलं. प्रतिभाने ओढलं. हललं नाही. आतून हर्षदा म्हणाली, "डोकं गरगरतंय." प्रतिभा ओरडली, "गॅस बंद कर! आधी गॅस बंद कर! खाली बस!" मी झरोक्याकडे धावलो. स्टूल आणलं, पण सिलिकॉन फार पक्कं बसलंय. मीच बसवलंय. नखं तुटली. शेवटी पहारीने फोडलं. नितीन ग्राइंडर घेऊन आला आणि शटरची पट्टी कापली.
ती बाहेर आली. पांढरीफटक. पायरीवर पावसातच बसली, तोंड वर करून. प्रतिभाने तिला पोटाशी घेतलं. मी जवळ गेलो तर प्रतिभा म्हणाली, "तुम्ही जरा तिकडेच थांबा."
थांबलो.
दवाखान्यात दाखवून आणली. ठीक आहे. इथे हे नोंदवलं पाहिजे की खोली पूर्ण हवाबंद झाली होती, म्हणजे काम तांत्रिकदृष्ट्या उत्तम होतं.
नाही. ही ओळ खोडायची आहे.

२६ जुलै
हर्षदा रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. मी तयारी ठेवली होती. ती बॅग भरत होती. मी म्हणालो, आता दोन्ही झरोके उघडतो, एक पंखा बसवतो, नितीनशी बोललोय. ती म्हणाली, "बाबा, मला खोली नकोच होती. मला जायचं होतं."
मी म्हणालो, मग आधी का नाही सांगितलंस?
म्हणाली, "पहिल्याच दिवशी सांगितलं की."

२८ जुलै
डेपोत नाशिकची एसटी वेळेवर लागली. एरवी कधी लागत नाही. मी खिडकीपाशी उभा राहून सांगितलं, दिवाळीपर्यंत अभ्यासिका पूर्ण होईल. ती हो म्हणाली. गाडी सुटली, तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. बहुतेक. काचेवर वाफ धरली होती.

१६ ऑगस्ट
पंखा बसवला. शॉर्ट झाला.

२ सप्टेंबर
थर्माकोल सगळा पडला. उचलला नाही.

१८ ऑक्टोबर
आज सहज गॅरेजमध्ये गेलो. भिंती कोरड्या! फरशी कोरडी! मीटर ५२! शेगडी नाही, पंखा नाही. म्हणजे आधीच्या सगळ्या उपायांचा परिणाम सावकाश झाला. धीर हवा.
लगेच हर्षदाला फोन केला. खोली तयार आहे, दिवाळीला ये आणि इथेच राहा. तिकडे मुलींच्या हसण्याचा आवाज येत होता. म्हणाली, दिवाळीला जमणार नाही, टेस्ट सिरीज आहे. मी म्हणालो, अगं, एकदम कोरडी झालीय, कडकडीत. ती हळूच म्हणाली, "बाबा, पाऊस संपलाय ना आता. आता सगळीकडेच कोरडं असतं."
खोकला आहे का विचारलं. नाशिकला आल्यापासून नाही म्हणाली.

१९ ऑक्टोबर
नितीनला टेम्पो लावायला जागा हवीय. हो म्हणालो.
टेबल बाहेर काढताना प्रतिभाने दुसरी बाजू धरली. 'मी सांगितलं होतं' असं म्हणाली असती तर बरं झालं असतं.