गाठ लहान झाली

मुलुंड पूर्व,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय शमे,

तुझा गुडघा आता बरा असेल. इकडे अक्षताला सातवा संपत आला. पाय सुजतात, पण पोरगी ऐकतेय कुठे! घरून ऑफिस चालूच.

फोनवर तू माझा आवाज लगेच पकडतेस, म्हणून लिहिते आहे.

काल डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. डाव्या डोळ्यावर ती किरणांची चकती बसवून काढली, त्याला तीन वर्षं झाली. गाठ आणखी लहान झाली आहे. नजर मात्र गेलीच म्हण. किरणांनी असं होऊ शकतं, हे ते आधीच बोलले होते. खिडकीचा उजेड तेवढा कळतो. चहा ओतताना कपाबाहेर सांडतो, तुझे भाऊजी पुसतात.

दर सहा महिन्यांनी पोटाचीही सोनोग्राफी असते. गाठ डोळ्यात आणि शोधताय पोटात, म्हणून मी हसायचे. या वेळी सोनोग्राफीच्या बाई पुन्हा पुन्हा एकाच जागी यंत्र फिरवू लागल्या. मग एमआरआय, मग सुई घालून तुकडा काढला. अक्षताला म्हटलं, नेहमीचंच आहे.

काल नक्की झालं. लिव्हरमध्ये पसरलंय गं.

बाहेर आल्यावर भाऊजी रिक्षाला हातच करेनात. फुटपाथवर उभे. म्हणाले, "मधू, पोरीला काय सांगायचं?"

"गाठ लहान झाली, हे सांगायचं. खोटं थोडंच आहे?"

दारातच तिने विचारलं, "काय म्हणाले गं?" मी सांगितलं. तिने मिठी मारली, मध्ये पोट आलं म्हणून हसली आणि लगेच शिरा करायला घेतला. मी दोनदा मागून खाल्ला. भाऊजी अर्धी बशी ठेवून तोंड धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

सोमवारपासून औषध सुरू. बरं होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, थोपवून धरू म्हणतात. किती दिवस, ते मी विचारलं नाही. भाऊजींनी विचारलं असावं.

शमे, तिचं बाळंतपण मी करणार होते. आता तू कर. तेल, शेक, आंघोळी, सगळं. मी शेजारी बसून सांगेन. बाळ माझ्याकडे देशील तेव्हा उजव्या बाजूने दे, म्हणजे मला दिसेल.

अक्षताला मी बाळंतपणानंतर सांगेन. तेव्हा तू घरात हवीस.

लवकर ये. आणि परतीचं तिकीट काढू नकोस.

तुझी,
मधुताई