काढून टाकलेला आवाज

३ नोव्हेंबर

घूंऽऽ – दिवसभर तोच जनरेटर कानात! माझी धाकटी बहीण दबक्या आवाजात म्हणते, 'पृथ्वीकडून उत्तर आलं नाही,' आणि मागे कुणी मिक्सर लावून बसल्यासारखं. कॅप्टनला फोन केला. (दिग्दर्शकाला सगळे कॅप्टनच म्हणतात. त्यालाही ते आवडतं.) म्हटलं, जनरेटर दारापासून हलव, नाहीतर हे अवकाशयान डिझेलवर चालतं अशी पाटी तरी लाव. हसला नाही. "उद्या मागच्या भिंतीला नेतो. झालं समाधान?"

झालं.

४ नोव्हेंबर

सिनेमाची गोष्ट एवढीच – यान परत येतं, आत माणसं नाहीत, फक्त कॅमेऱ्यांत साठलेलं चित्रण. तेच प्रेक्षकांनी बघायचं. पहिला तासभर काही म्हणजे काही घडत नाही. दोघं अंतराळवीर खातात, काटे तपासतात, झोपतात. आणि तरी मी बोटांच्या फटीतून बघते! भूत दिसलं की मला उलट बरं वाटतं, काय ते कळतं एकदाचं. हे नुसतं वाट बघत बसणं सोसत नाही. म्हणून चित्र कोपऱ्यात बारीक करून ठेवते. माझं काम आवाज साफ करायचं, त्याला कान पुरतात.

गोदामात प्लायवूडचं यान उभं केलंय, चहूकडून फोम ठोकून. आत धाकटी आणि नटकाका, दोघंच. काका रंगभूमीवरचे जुने नट, पाठ मोडेल पण वाक्य मोडणार नाहीत. दाराला बाहेरून कडी. नकोसं झालं तर आत लाल बटण. कॅमेरे भिंतीत बसवलेले, रेकॉर्डर बाहेर. सकाळी कार्ड काढतात आणि माझ्याकडे पाठवतात. चालू असताना कुणीच बघायचं नाही. "कुणी बघतंय कळलं की नट अभिनय करायला लागतो," इति कॅप्टन. म्हटलं, मग नट घेतलेस कशाला?

म्हणजे मी बघते ते नेहमी कालचं. आज या घटकेला धाकटी काय करते आहे, मला ठाऊक नाही. हा विचार मनातून जात नाही.

आईचा फोन. "तिचा फोन बंद का? तू आहेस ना तिथे?" आहे म्हटलं. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे.

६ नोव्हेंबर

आज माझं हसं झालं!

सकाळी कार्ड लावलं. जनरेटर मागे गेल्याने घुमणं मंद झालंय, अगदी एकसुरी. आणि त्यात एकाएकी – टकटकटक. मग थांबून – टक.

ही आमची खूण. लहानपणी न्हाणीघरातला दिवा गेला की धाकटी ओरडायची नाही, आई रागावेल म्हणून. भिंतीवर ठोकायची, तीन आणि एक. मी दाराबाहेर उभी राहून वाट्टेल ते बडबडत राहायचे, ती बाहेर येईपर्यंत. जगात तिसऱ्या कुणाला हे माहीत नाही.

रिक्षा करून गोदामात गेले. कॅप्टन आडवा आला, त्याला ढकलून कडी काढली. आत दोघं टेबलाशी बसलेली, माझ्याकडे आ वासून बघतायत!

"अगं ताई, काल काकांना आपली गोष्ट सांगत होते. ठोकून दाखवलं फक्त. काका तर लगेच शिकले!"

काकांनी टेबलावर ठोकून दाखवलं आणि मिशीत हसले. कॅप्टनचा मोठा प्रसंग वाया गेला. तो रेकॉर्डर बंद करायला गेला, त्याचीच जास्त लाज वाटली. धाकटी मला बाहेर घेऊन आली. "बाहेर किती मोकळं वाटतं गं! आत डोकं जड होतं." मग हात जोडून म्हणाली, "पण परत नको हं येऊस. हे काम माझ्यासाठी किती मोठं आहे, तुला माहितेय. मी आता ठोकणारच नाही, शब्द! म्हणजे तुला घोर नको."

मीही शब्द दिला.

माझ्यासमोर कॅप्टनने दाराच्या फटीतही फोम कोंबला.

७ नोव्हेंबर

घुमणं काढायची युक्ती सोपी. त्याचा तुकडा यंत्राला ऐकवायचा आणि सांगायचं, असलं सगळं कचरा. आज जरा जोरात झाडू मारला. फळ्यांचे, पाइपांचे ठपठप आवाजही गेले. झोपायच्या फळीजवळच्या माइकवर फारच होते.

नंतर कचरा एकदा वेगळा ऐकायचा असतो – बोलणं त्यात वाहून गेलं नाही ना, म्हणून. कंटाळा केला. खरं सांगायचं तर कालपासून मला त्या घुमण्याचीच धास्ती बसलीये.

८ नोव्हेंबर

धाकटी काय काम करते आहे! वाक्य मध्येच विसरते. पेला उचलते आणि कशाला उचलला ते आठवत नसल्यासारखी बघत राहते. कपाळ दाबून धरते. काका दोनदा उठायला गेले आणि बसले. कॅप्टन फोनवर नुसता नाचत होता, "हळूहळू विझतायत बघ! हे लिहून येत नाही!"

मला बघवेना. पण ठोकलं नाही तिने. कान टवकारून ऐकलं, साफ केलेल्या आवाजाच्या पट्टीत कुठेच नाही. म्हणजे ठीक आहे.

आईला म्हटलं, मजेत आहे.

९ नोव्हेंबर

नीट लिहायला जमेल तसं लिहिते.

कालचं कार्ड. धाकटी फळीवर पडलेली, हात पांघरुणात. ओठ हलले. आवाज नाही. मला वाटलं, यंत्राने तिचं वाक्य खाल्लं, कॅप्टन जीव घेईल माझा. म्हणून कचरा उघडला. घूंऽऽ. आणि त्याच्या तळाशी, इतकं मंद की आधी वाटलं माझीच छाती – टकटकटक. टक.

परत. परत. थांबून परत.

सातची पट्टी उघडली, जिच्यावर मी झाडू मारला होता. तिच्या कचऱ्यातही! सगळं मीच काढलं होतं. स्वच्छ!

कॅप्टनला फोन केला. "परत तेच?" म्हणून त्याने ठेवला. मग रिक्षा, आणि वाटभर एकच – हे कालचं आहे, हे कालचं आहे. गोदामात युनिटची मुलं मजेत चहा पीत उभी. जेवणाचे डबे दारापाशी तसेच. "भूमिकेत शिरलेत, ताई, जेवत नाहीत." मी कडी काढली. वास बिस काही नव्हता. धाकटी जमिनीवर, ओकलेली, बटणापासून हातभर अंतरावर. काका फळीवर, भिंतीकडे तोंड करून. मी तिला ओढत बाहेर आणलं आणि बडबडत राहिले, वाट्टेल ते, न्हाणीघराबाहेर बडबडायचे तसं.

तिचा श्वास चालू होता. काकांचाही होता तेव्हा.

१० नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जनरेटरच्या धुरातला वायू. त्याला वास नसतो. हळूहळू चढतो, माणूस नुसता थकल्यासारखा दिसतो. यानाचा हवा आत ओढणारा पंखा मागच्या भिंतीला होता. जनरेटर त्याच्याच खाली नेऊन ठेवला होता.

माझ्यासाठी नेला होता. आवाज येतो म्हणून.

आई धाकटीच्या उशाशी बसलीये. मला काही विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१२ नोव्हेंबर

नटकाका आज पहाटे गेले.

१४ नोव्हेंबर

धाकटी आज पहिल्यांदा सलग बोलली. मी तिचा हात धरून रडले – तू ठोकत होतीस आणि मी पुसत बसले होते, मला माफ कर.

"मी कुठे ठोकलं, ताई? तुला शब्द दिला होता ना. काका ठोकत होते, बटण दाबून माझं काम मोडायला नको म्हणून. मी सांगत होते, नका, ताई नाही येणार आता. तर म्हणाले, तिचं कामच ऐकायचं आहे, ती येईल."