डावा हुक आणि कलम सात

२ फेब्रुवारी
आजपासून राग बंद. कारण एफ्राइन. मिसरूड फुटायच्या आधीपासून माझ्या बॉक्सिंग जिममध्ये आहे, आता ट्रेनर. स्वतःची जिम काढायचं म्हणतोय. ऐकून शांत राहिलो. पंचिंग बॅग फाटली, पण ती जुनीच होती.

५ फेब्रुवारी
त्याच्यासाठी नवा करार स्वतःच लिहिला. कलम सात: नोकरी सोडल्यास एफ्राइनने टेक्सास, ओक्लाहोमा आणि न्यू मेक्सिकोत आयुष्यभर कुणालाही ठोसा शिकवू नये. वकील लागतोच कशाला?

६ फेब्रुवारी
वकील लागला. प्रूइट बाई आधी हसल्या, मग खोकल्या. म्हणाल्या, टेक्सासच्या कायद्यात असं कलम टिकायचं तर मुदत वाजवी हवी, इलाखा वाजवी हवा. शिवाय बदल्यात त्याला धंद्यातलं एखादं खरंखुरं गुपित द्यायला हवं. नुसता पगार चालत नाही. शेवटी मुदत एक वर्ष, इलाखा फक्त आमचं ओडेसा शहर. हे मान्य करताना त्यांचं टेबल जरा हललं. पाय एकच मोडला.
गुपिताची चिंता नाही. माझा डाव्या हाताचा ठोसा, डावा हुक आहे.

९ फेब्रुवारी, सकाळी
एफ्राइनला रिंगमध्ये बोलावलं. गुपित दिलं.
दोन दात गेले. शुद्धीवर आल्यावर सही केली. कागदावर थोडं रक्त सांडलंय. यापेक्षा पक्का करार कुणी दाखवावा. माझी मुलगी डार्ला माझ्याकडे पाठ करून त्याचं रक्त पुसत बसली. तिला तोच शिकवतो. पोरगी बॉक्सर चांगली आहे, पण धंदा कळत नाही.

२० मार्च
एफ्राइन गेला. रेल्वेच्या पलीकडे जिम उघडली. डार्लाही तिकडेच. मी डोकं थंड ठेवून दावा ठोकला. त्याआधी त्याचा ट्रक ठोकला. माणसाला हात लावला नाही, म्हणजे प्रगती आहे.

११ मे
कोर्ट. न्यायाधीशांनी विचारलं, गुपित कोणतं दिलंत? मी छाती काढून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.
"मिस्टर स्ट्राउड, तो हुक गुपित कसला? अर्ध्या गावानं खाल्लाय. माझ्या मेहुण्यानंसुद्धा."
प्रूइट बाईही हसल्या. कलम रद्द. काही हरकत नाही. बाहेर जाऊन एफ्राइनशी हात मिळवायचा, विषय संपवायचा. मोठं मन लागतं.

१२ मे, पोलीस कोठडी
हात पुढे केला होता. मूठ वळलेली होती, एवढंच. त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला. एफ्राइननं हात उचलला नाही. रिंगबाहेर मारायचं नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं. डार्ला कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "डॅडी, तुम्ही जा आता."
उन्हानं डोकं फिरलं असणार. तिचं.

१५ मे
जामीन. अट: वर्षभर एफ्राइनपासून दोनशे यार्ड लांब राहायचं. प्रूइट बाईंनी कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, मुदत स्पष्ट, अंतर स्पष्ट, कलम असं लिहायचं असतं.

२८ जून, दुपारी
डार्लाची फायनल. तिच्या कॉर्नरला एफ्राइन, जबडा तारेनं बांधलेला, म्हणून मी आत जायचं नाही. दोनशे यार्ड मोजून पार्किंगच्या टोकाला ट्रकमध्ये बसलो, काचा खाली करून. घंटा ऐकू आली. मग आरडाओरडा. मग बराच वेळ काही नाही.
दार उघडलं. डार्ला ट्रॉफी घेऊन बाहेर आली. डोळ्यावर बर्फाची पिशवी, नाचत होती. हाक मारणार होतो, तर मागून एफ्राइन. त्यांची गाडी माझ्याच बाजूला उभी होती. दोघं माझ्याकडे चालत येऊ लागले. मी रिव्हर्स टाकला. ते येत राहिले. मी मागे जात राहिलो, पार्किंग संपून हायवे लागेपर्यंत. तिथून ट्रॉफी दिसत नाही.