मनूच्या विहिरीचा नारळ

मंगळवार, कोन गाव

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. मनूच्या विहिरीला तेल लागलं!

माझी लेक गुजरातेत तेलाच्या विहिरींवर इंजिनीयर आहे, आणि तिच्या हाताखाली खोदलेली ही पहिली विहीर. खोदकाम संपलं, पण खालून काय येतंय ते कळेना. मी मेली रोज फोनवर विचारायचे, "पाणी लागलं का गं?" आमच्याकडे विहीर खणली की सगळा गाव हेच विचारतो, आणि पाणी लागलं की नारळ फोडतो. म्हणून मीही नारळ आणून देवापुढे ठेवला होता.

परवा मनू चिडलीच. "आई, असं नको ना बोलूस! इथे नुसतं पाणी लागलं तर विहीर फुकट गेली."

मी गारच पडले. म्हणजे इतके दिवस मी देवाकडे पोरीचं वाटोळंच मागत होते? लगेच हात जोडले, म्हटलं, आधीचं सगळं रद्द समज रे बाबा. हे हसत सुटले. "देवाला कळतं तेवढं." कळतं का पण? दोन दिवस त्या नारळाकडे बघवेना.

आज चार वाजता फोन आला. मागे यंत्रांचा गोंगाट, आणि मनू ओरडतेय, "आई, पाणी न्हाय लागलं!" अगदी तिच्या आजीसारखं 'न्हाय'.

फोन कानाला तसाच धरून ह्यांच्याकडून नारळ फोडून घेतला. पाणी भळाभळा ओट्यावर सांडलं.

मी विचारलं, "एवढं चालेल ना गं?"