बेलपाड्याच्या वाघाची डरकाळी

१ ऑक्टोबर २०१३, मंगळवार
राजीनामा दिला! द्रोणागिरीच्या गोदामात सोळा वर्षं कंटेनरचे नंबर लिहिले, आता बास. नोटीस पिरियड ३१ तारखेपर्यंत. कमलाकर साहेबांनी विचारलं, चारुदत्त, पुढे काय? म्हटलं, गेमिंग इंडस्ट्री. त्यांना वाटलं लॉटरीचं दुकान.

प्लॅन सोपा आहे. आमच्या बेलपाड्याचा वाघ-बकरीचा खेळ मोबाईलवर आणायचा. तीन वाघ, पंधरा बकऱ्या. वाघाने उड्या मारून बकऱ्या खायच्या, बकऱ्यांनी वाघाला चहूबाजूंनी कोंडायचं. मी कायम वाघ. वयाच्या सहाव्या वर्षापासून एक डाव हरलेलो नाही. एवढं डोकं घेऊन कंटेनर मोजत बसलो होतो!

संध्याकाळी शशिकलाला सांगितलं. म्हणाली, राजीनामा मागे घेता येतो का? ३१ पर्यंत येतो. पण घेतोय कोण.

३ ऑक्टोबर
शेजारच्या नूरुन्निसाभाभींचा अझहर टीममध्ये. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, दोह्याचा व्हिसा येईपर्यंत मोकळा. प्रोग्रॅमिंग तो करणार, बाकी सगळं मी. बाकी म्हणजे व्हिजन.

त्याला आमचा खास नियम सांगितला. वाघ पूर्ण कोंडला गेला की त्याने डरकाळी फोडायची. मग शेजारच्या दोन बकऱ्या घाबरून पळतात आणि वाघ मोकळा. अझहर म्हणाला, अंकल, हे नेटवर कुठेच नाही. अरे, तीच तर आपली यूएसपी!

६ ऑक्टोबर, सकाळी ११
डरकाळी स्वतः रेकॉर्ड केली. बाथरूममध्ये आवाज चांगला घुमतो. सातव्या टेकला वरच्या मजल्यावरून इंटरकॉम, की कोणी पडलंय का. आठवा टेक फायनल.

१३ ऑक्टोबर, दसरा
आजचा लाँच पुढे ढकलला. कारण टेक्निकल. अझहरने कॉम्प्युटरला दोन्ही बाजूंनी खेळायला लावलं होतं, तो कालपासूनचा एकच डाव अजून चालूच. बकऱ्या कोंडतात, वाघ डरकाळी फोडतो, बकऱ्या पळतात, परत कोंडतात. पंखा गरम होऊन कॉम्प्युटर बंद पडला. अझहर म्हणतो, खुदा कसम अंकल, या नियमाने वाघ हरूच शकत नाही. म्हटलं, मी काय वेगळं सांगत होतो?

उद्यापासून रोज सहाला उठून कोडिंग शिकणार.

१७ ऑक्टोबर
सहाला उठणं उद्यापासून. आज टेस्टिंग. आभा आणि तिच्या वर्गातल्या चार पोरी. बकऱ्या घ्यायला एकही तयार नाही. आभा म्हणाली, बाबा, हे चीटिंग आहे. आठवीतल्या मुलांना स्ट्रॅटेजी काय कळणार. टार्गेट ऑडियन्स चुकला.

त्यात नूरुन्निसाभाभी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, मोरा गावात मामूंकडे आम्ही बचपनात खूप खेळलोय, पण हे डरकाळी-बिरकाळी काही नव्हतं हो भाऊजी. असेल, मोऱ्याच्या बकऱ्या धीट असतील.

अझहरचा व्हिसा आला. ३० ला फ्लाईट. म्हणाला, अंकल, एक तर डरकाळी काढा, नाहीतर कुणा बुजुर्गाकडून प्रूफ आणा. प्रूफ? चल बेलपाड्याला! माझी ठमाआत्या जिवंत आहे, ब्याऐंशी वर्षांची. ओट्यावर कोळशाने पट आखून मी, बाबा आणि ती, आम्हीच खेळायचो.

२० ऑक्टोबर, रविवार
आजची नोंद थोडक्यात.

अझहरने मोबाईल समोर धरला, रेकॉर्डिंग सुरू. मी आत्याला म्हटलं, आत्या, आपल्या गावच्या डरकाळीच्या नियमाबद्दल दोन शब्द सांग.

आत्या म्हणाली, कसली डरकाली रं? कोंडला का तू भोकाड पसरायचास. निस्ता हातपाय आपटायचास. मंग तुजा बापूस म्हनायचा, वाघ गुरगुरला, पला गं बकऱ्यांनो. आनि आमी आपल्या दोन उचलून घ्यायचो. दुसरा काय बी नियम नाय.

अझहरने रेकॉर्डिंग बंद करायला हवं होतं. केलं नाही.

आत्याचं वय झालंय. पुरावा ग्राह्य धरता येणार नाही.

२१ ऑक्टोबर
डरकाळी काढली. मार्केटचा विचार करून काढली, आत्याचा काही संबंध नाही. मग मी वाघ, कॉम्प्युटर बकऱ्या, लेव्हल सोपी. हरलो. टचस्क्रीनमध्ये प्रॉब्लेम आहे.

२४ ऑक्टोबर
अझहरच्या फोनवर, आभाच्या फोनवर, भाभींच्या फोनवर मिळून नऊ वेळा हरलो. पनवेलमध्ये एक धड टचस्क्रीन नाही.

२८ ऑक्टोबर
गेम प्ले स्टोअरवर! डाउनलोड एकसष्ट. लोकांना आवडतोय म्हणे. माझी डरकाळी पण अझहरने वाया घालवली नाही. वाघ हरला की ती वाजते. आभा मुद्दाम बकऱ्या घेऊन खेळते, जिंकते आणि आवाज मोठा करते.

अझहर उद्या मुंबईला मामूंकडे जाणार, परवा उडणार. पुढचा गेम कुठला, विचारलं. म्हणाला, इन्शाल्ला, तुम्ही नोकरी सांभाळा अंकल.

३१ ऑक्टोबर, गुरुवार
राजीनामा मागे घेतला. कमलाकर साहेबांनी कागद परत दिला आणि म्हणाले, बरं झालं, दोन ट्रेलर खोळंबलेत.

घरी येऊन शशिकलाला सरळ विचारलं, तुलाही माहीत होतं? भाजी निवडता निवडता म्हणाली, हो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बाबांनी बाजूला घेऊन सांगितलं होतं, सूनबाई, मुलगा चांगला आहे, फक्त वाघ-बकरीत ओरडला की दोन बकऱ्या उचल. एकोणीस वर्षं उचलत होती. एका शब्दाने बोलली नाही.

वाईट वाटलं. बाबा गेले त्याला सात वर्षं झाली, नाहीतर भांडलो असतो त्यांच्याशी. खरंच भांडलो असतो. एकदा तरी हरवायचं होतंत हो मला.

शशिकलाला म्हटलं, आज खरं खेळ. फरशीवर खडूने पट आखला, चिंचोके मांडले. तिने पदर खोचला आणि बारा मिनिटांत माझे तिन्ही वाघ कोपऱ्यात कोंबले. मी तोंडातून आवाज काढला नाही.

दुसरा डाव मागितला. म्हणाली, रडणार नसाल तर.