येऊ दे, येऊ दे

दादा,

परदेशातल्या ड्रायव्हरच्या नोकरीच्या व्हिसासाठीची ड्रायव्हिंग टेस्ट पास झालो. लायसन्स, अनुभवाचा दाखला, पोलिसांचा दाखला आधीच जमले होते. हे पत्र तुला पाठवायची हिंमत होणार नाही, म्हणूनच सगळं लिहितोय.

ट्रेलर मागे घेऊन दोन खांबांमध्ये लावायचा होता. मी रिव्हर्स टाकला, डोकं खिडकीबाहेर काढलं आणि तसाच थांबलो. टेस्ट घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "कुणाची वाट बघताय?"

काय सांगू? चौदा वर्षं आपण दोघांनी आळीपाळीने एकच गाडी चालवली; माझ्या पाळीला तू मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे, बस्स!" ओरडायचास, तेव्हा कुठे माझी गाडी मागे यायची.

याच नोकरीसाठी आपण दोघंही डोळ्यांच्या तपासणीला गेलो, तेव्हा मी तुझ्या आधी आत जाऊन आलो होतो. बाहेर तू हळूच विचारलंस, "खालच्या ओळीत काय आहे रे?" मला ती पाठ होती. मी म्हणालो, "दिसेल की तुला."

तुला दिसली नाही.

घरी मी सगळ्यांना ऐकवलं, नियम म्हणजे नियम, उद्या कुणाचा जीव गेला तर? खोटं नव्हतं ते. पण जागा एकच उरलीय हे एजंटने फक्त मला सांगितलं होतं. आणि तुझ्या त्याच डोळ्यांच्या भरवशावर चौदा वर्षांत गाडीला साधा ओरखडा उठला नव्हता.

शेवटी मीच तोंडातल्या तोंडात "येऊ दे, येऊ दे" म्हणत ट्रेलर लावला. साहेब म्हणाले, "झालं, उतरा आता."

मी ब्रेकवर पाय दाबून बसूनच होतो. "बस्स" कुणी म्हटलंच नव्हतं.

तुझा धाकटा